फुलाची साक्ष

लाँड्रीच्या मागच्या अंगणात त्या सकाळी माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून उभी होती. आत धुलाईची यंत्रं बंद होती, इस्त्रीची टेबलं गार पडली होती आणि दोऱ्यांवर हॉटेलच्या पांढऱ्या चादरी तशाच लोंबत होत्या. अंगणाच्या मधोमध, भर उन्हात, एका उंच तिवईवर कुंडी ठेवली होती. कुंडीत गुलबक्षी रंगाचं एक टपोरं फूल. कामगार, त्यांच्या घरची माणसं, शेजारचा चपलांचा दुकानदार, समोरच्या दवाखान्यातली नर्स, सगळे त्या फुलाकडे असे बघत होते की जणू ते आता तोंड उघडून बोलणार आहे.

मास्तरीणबाई आल्या होत्या शाळेच्या रंगमंचाचा धुतलेला पडदा न्यायला. गेली पंचवीसेक वर्षं त्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या, आणि त्यांच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून घ्यावं असं असतं, अशी गावात त्यांची थट्टाही चाले.

"काय चाललंय?" त्यांनी नर्सला विचारलं.

"हॉटेलातल्या एका पाहुण्याच्या कोटात अंगठी राहिली होती म्हणे. कोट धुऊन परत गेला, अंगठी गेली नाही. हॉटेलवाले काम काढून घेतो म्हणतायत. म्हणून मालकीणबाईंनी फूलबाबांना बोलावलंय. त्यांचं फूल चोर दाखवतं."

"फूल?"

"गेल्या खेपेला दाखवलं होतं ना. वॉशिंगवाल्या काकांना. त्यांनी कबूलही केलं."

तेवढ्यात फूलबाबा उठले. अंगात हिरवट रेशमी झगा, बोटांत अंगठ्या, करंगळीचं नख वाढवलेलं, दाढी नीट कातरलेली, आवाज लोण्यात घोळल्यासारखा. त्यांच्या चेल्यानं मोबाइल फुलावर रोखला आणि भिंतीला टेकवलेल्या मोठ्या टीव्हीवर ते फूल परातीएवढं झालं. मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका ताठ उभा होता.

"माणूस खोटं बोलतो, कारण त्याला जीभ आहे," बाबा म्हणाले. "फुलाला जीभ नाही, म्हणून त्याला खोटं माहीत नाही. ह्याच्या पेशीपेशीत विश्वाची स्मृती साठली आहे. तुमच्या पापाची कंपनं सूक्ष्म असतात, फूल त्याहून सूक्ष्म आहे. जो स्वच्छ, त्याच्याकडे ते बघणारही नाही. जो मळका, त्याच्याकडे वळेल. लाँड्रीतल्या माणसांना मळ म्हणजे काय, हे मी काय सांगावं?"

काही जण कसनुसे हसले. अंगठी ज्यांच्या हाताखालून जाऊ शकली असती असे सहा-सात जण तिवईभोवती अर्धवर्तुळात बसवले होते. त्यांत मास्तरीणबाईंची भावजय होती. हॉटेलचे कोट तीच इस्त्री करत असे. तिचा नवरा, म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, गर्दीत हाताची घडी घालून उभा होता.

बाबा डोळे मिटून कुंडीभोवती फिरू लागले. एकेकासमोर थांबायचे, पुटपुटायचे, आणि उजव्या हाताची करंगळी फुलावरून हलकेच फिरवायचे. "फुलावर बसलेली धूळ झाडतो आहे, नाहीतर साक्ष गढूळ होते," चेला गर्दीला समजावत होता. दोघांसमोर काही झालं नाही. तिसऱ्या जागी भावजय बसली होती. बाबा थांबले, पुटपुटले, करंगळी फिरली, हात मागे आला.

टीव्हीवर केसर हलले.

वारा नव्हता. दोऱ्यांवरच्या चादरीसुद्धा हलत नव्हत्या. पण तो सगळा पिवळा झुबका, शेतातलं पीक एका बाजूला झुकावं तसा, सावकाश भावजयीच्या दिशेनं कलला आणि तिथेच थांबला.

"मी नाही घेतली," भावजय म्हणाली.

"बाळ, मी कुठे काही म्हणालो?" बाबा हसले. "फूल म्हणालं."

बाबांनी पुन्हा फेरी मारली आणि फूल पुन्हा तिच्याचकडे वळलं. मग बाबांनी निकाल दिला: परवा सकाळी याच जागी, याच फुलासमोर तिनं कबूल करावं. केलं तर पोलीस नाहीत. नाही केलं तर मालकीणबाई आणि पोलीस काय ते बघून घेतील. "दुपारनंतर फूल ध्यानाला बसतं," चेल्यानं जाहीर केलं आणि कुंडीवर रेशमी रुमाल पडला.

मास्तरीणबाई पडदा तिथेच विसरून घरी आल्या. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त टोचत होतं ते असं की, फूल हललं होतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ते का हललं हे त्यांना सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात भावजय, हातात कपड्यांची पिशवी.

या दोघींचं कधीच जमलं नव्हतं. मास्तरीणबाई बोलताना समोरच्याची चूक सुधारत, आणि भावजय सुधारून घेणाऱ्यांतली नव्हती. "ताईंकडे जेवायला बसलं की तोंडी परीक्षा असल्यासारखं वाटतं," असं ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, आणि तेव्हापासून या घराची पायरी तिनं चढली नव्हती.

"आत ये," मास्तरीणबाई म्हणाल्या.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं ते प्यायली. बराच वेळ तिनं पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले आणि सोडले.

"ताई, फुलाचं मला काही नाही वाटलं," ती शेवटी म्हणाली. "मालकीण, बाबा, गर्दी, कुणाचंच नाही. पण घरी गेल्यावर दार लावून यांनी मला विचारलं, खरं सांग, घेतलीस का. म्हटलं, तुम्हीसुद्धा? तर म्हणाले, फूल कशाला खोटं बोलेल."

मास्तरीणबाईंनी भावाला मनातल्या मनात वर्गाबाहेर उभं केलं.

"तू परवा काय करणार आहेस?"

"कबूल करणार नाही. त्या वॉशिंगवाल्या काकांनी केलं. मागे चांदीचं एक बटण हरवलं होतं, तेव्हा फूल त्यांच्याकडे वळलं. मी भेटायला गेले होते. तर म्हणतात, फूल सांगतंय म्हणजे घेतलं असेल गं मी, माझ्या ध्यानात राहिलं नसेल. माणूस घराबाहेर पडत नाही आता. स्वतःचाच खिसा चाचपत बसतो." तिनं मान वर केली. "माझं तसं होणार नाही. पोलीस येऊ देत. फुलाची माफी मी मागणार नाही."

मास्तरीणबाईंना वाटलं, इतकी वर्षं आपण हिच्या व्याकरणाकडेच बघत राहिलो.

"फूल कसलं होतं, बघितलंस?"

"चिनी गुलाब. ते ऑफिस-टाइम म्हणतात ते. ऊन आलं की उघडतं, दुपार कलली की मिटतं."

"म्हणून बाबांचा दरबार सकाळचा. ध्यानाला बसत नाही ते, ऊन उतरलं की मिटतं, एवढंच." मास्तरीणबाई उठल्या. "शाळेच्या फाटकापाशी वाफाभर आहेत. चल."

दोघींनी जाऊन दोन रोपं कुंडीत उचलून आणली. फुलं एव्हाना मिटली होती, तेव्हा सकाळपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मास्तरीणबाईंनी एक पान चिमटीत दाबलं. ते फुटून बोटं ओली झाली. "बघ, पानात पाणी साठवतं. गटाराकडेला घोळ उगवते ना, तिचंच हे भावंड. एकच कूळ."

"म्हणजे सगळा घोळच आहे म्हणा," भावजय म्हणाली, आणि त्या घरात पहिल्यांदाच दोघी एकाच गोष्टीवर हसल्या.

सकाळी खिडकीत ऊन आलं आणि फुलं उघडली. मास्तरीणबाई कामाला लागल्या. त्यांचा पहिला संशय बाबांच्या अंगठ्यांवर होता. त्यांनी लोहचुंबक फुलाजवळ धरला, फूल ढिम्म. मग गरम चमचा आणला. हळूच फुंकर घातली, तर सगळं फूलच हललं आणि पुन्हा होतं तसं झालं. हाताची ऊब दिली, आरसा लावून उजेड एका बाजूनं टाकला. भावजयीनं तर बाबांसारखं पुटपुटूनही पाहिलं. फूल आपलं शहाण्यासारखं ताठ उभं.

"ताई, बाबांच्या फुलात खरंच काही असलं तर?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"असलं तर मी उद्या सगळ्यांसमोर तसं सांगेन," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण आधी बघू तर दे."

उत्तर दिलं ते एका मधमाशीनं. ती खिडकीतून आली, फुलाच्या एका बाजूला उतरली, केसरांत घुसली. मास्तरीणबाई तिला हाकलायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. माशी ज्या बाजूला होती, त्या बाजूला केसर झुकत होते. माशी उडून गेली तरी झुकलेलेच राहिले. मग हळूहळू, कुणी बघत नाहीसं पाहून सरळ व्हावं तसे पुन्हा उभे राहिले.

"झाडू आण," मास्तरीणबाई म्हणाल्या.

भावजयीनं झाडूची एक बारीक काडी मोडून आणली. मास्तरीणबाईंनी ती दुसऱ्या फुलाच्या केसरांवरून डावीकडून अलगद फिरवली. केसर डावीकडे आले. थोड्या वेळानं उजवीकडून फिरवली, उजवीकडे आले. भावजयीनं काडी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि स्वतः फिरवली. केसर तिच्याकडे झुकले.

"आई गं," ती खाली बसत म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच. फुलाला आपले पराग माशीच्या अंगाला माखायचे असतात, म्हणजे ती ते दुसऱ्या फुलावर नेईल. म्हणून ज्या बाजूनं स्पर्श होतो त्या बाजूला केसर धावतात. बाबांची करंगळी आठव. नख किती लांब होतं?"

"त्याला टोपी टांगता आली असती."

"तुझ्यासमोर थांबले तेव्हा तुझ्या बाजूनं नख केसरांना लागलं. बाकीच्यांसमोर नुसतं पाकळ्यांवरून फिरलं. फुलाला बाबा आणि माशी यांतला फरक कळत नाही. फुलाचं काही चुकत नाही. बघणाऱ्यांचं चुकतं."

भावजय काडी फिरवत राहिली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग तिनं विचारलं, "पण मीच का?"

"ते आपण उद्या विचारू."

दुसऱ्या दिवशी अंगणात गर्दी दुप्पट होती. चोर पकडला जाण्यापेक्षा चोर कबूल होताना बघायला माणसं जास्त येतात. मास्तरीणबाईंच्या पिशवीत शाळेच्या प्रयोगशाळेतलं काचेचं मोठं पात्र होतं. भाऊ गर्दीत होता. बहिणीची नजर पडताच तो चपलांकडे बघू लागला.

"ये बाळ," बाबा म्हणाले. "फूल वाट बघतंय."

भावजय तिवईपाशी गेली आणि गर्दीकडे तोंड करून उभी राहिली. "मी अंगठी घेतलेली नाही. फुलानं काही सांगितलेलं नाही. आणि मी माफी मागणार नाही."

कुजबुज उठली. मालकीणबाई पुढे आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, पण हॉटेलचं काम गेलं असतं तर अर्धी लाँड्री बंद पडली असती, आणि त्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. "अगं, सगळ्यांनी बघितलंय. तमाशा कशाला वाढवतेस?"

"मालकीणबाई, मलाही एकदा बघू द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बाबांचंच फूल, बाबांचेच मंत्र. मी फक्त वर ही काच ठेवते. पापाची कंपनं विश्वातून येतात, तर काचेतून यायला काय हरकत आहे? ऊन तर येतंच."

बाबांचं हसू जरासं आक्रसलं. "काचेत प्राण कोंडतो, बाई. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला यंत्रं कळतात. हे क्वांटमच्या पातळीवर चालतं."

"क्वांटम मी शिकवत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वरच्या वर्गाला आहे. तरी करून बघू."

कुणीतरी हसलं. मालकीणबाईंनी एकदा बाबांकडे, एकदा गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेवू द्या बाबा. खरं असेल तर बाहेर येईलच."

काचेचं पात्र फुलावर उपडं बसलं. बाबांनी डोळे मिटले. एक फेरी झाली, दुसरी झाली. करंगळी काचेवरून फिरली. टीव्हीवर फूल परातीएवढं दिसत होतं आणि त्यातला एकही केसर जागचा हलत नव्हता. तिसऱ्या फेरीला बाबांच्या कपाळावर घाम आला.

"इथे कुणीतरी अश्रद्ध आहे," ते म्हणाले. "अश्रद्ध माणूस उभा असला की फूल आतल्या आत मिटून घेतं."

सगळ्या माना मास्तरीणबाईंकडे वळल्या. फुलापेक्षा कितीतरी वेगानं.

"मी बाहेर जाते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे बाबांना सबब उरायला नको."

त्या फाटकाबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून आधी मंत्र ऐकू आले. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चेल्याचा आवाज, "फूल थकलंय, थोडं थांबा." मास्तरीणबाईंनी भिंतीला कान लावला. काच हलवली तर? बाबांनी काही नवीनच काढलं तर? वर्गात प्रयोग फसला तर मुलं हसतात. इथे फसला तर एका बाईला पोलीस नेतील.

मग भावजयीचा आवाज आला, मोठा, स्वच्छ. "आता काच काढते. बाबा, तुम्ही मागे व्हा. मी करते."

आणि मग अंगण हसायला लागलं. आधी एखाद-दुसरा, मग सगळेच.

मास्तरीणबाई आत आल्या तेव्हा भावजय तिवईपाशी झाडूची काडी हातात धरून उभी होती. टीव्हीवर केसरांचा सगळा झुबका एका बाजूला लवला होता. त्या बाजूला फूलबाबा उभे होते.

"बाबांनी अंगठी घेतली असं मी म्हणत नाही," भावजय गर्दीला सांगत होती. "फूल म्हणतंय. फुलाला जीभ नाही ना."

चपलांचा दुकानदार पुढे आला आणि म्हणाला, "मला दे बघू." त्यानं काडी घेऊन चेल्याच्या बाजूनं फिरवली. केसर रेंगाळले, पण चेल्याकडे वळले. नर्सनं फूल स्वतःकडे वळवून घेतलं आणि हात वर केले. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी फुलाचं सारं काम, माशी, पराग, स्पर्श, चार वाक्यांत सांगून टाकलं. ऐकणाऱ्यांना ते मंत्रापेक्षा सोपं वाटलं, कारण ते प्रत्येकाला स्वतः करून बघता येत होतं.

"बाबा, करंगळी दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या.

बाबांनी हात झग्यात घातला. "अविश्वासाच्या जागी आम्ही थांबत नाही," असं म्हणून ते निघाले. चेला कुंडी उचलायला वाकला तर भावजयीनं कुंडीवर हात ठेवला. "साक्षीदार इथेच राहील." त्यानं बाबांच्या पाठीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, आणि नुसता मोबाइल घेऊन गेला.

"मालकीणबाई," मास्तरीणबाईंनी विचारलं, "परवा दरबाराआधी बाबा तुमच्याशी काय बोलले होते?"

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "त्यांनी विचारलं, तुमचा संशय कुणावर. मी म्हटलं, संशय असा नाही, पण कोट हिच्याकडे असतात. आणि ही जरा उलट बोलते."

"आणि काकांच्या वेळी?"

"तेव्हाही विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांना हल्ली नीट दिसत नाही, गोंधळतात."

हसू एकदम थांबलं. वॉशिंगवाले काका कबूल झाले तेव्हा यातले निम्मे लोक इथेच उभे होते, आणि त्यांनीही माना डोलावल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती त्यांनी आपल्या हातांनी दिली होती.

"म्हणजे तुम्ही बाबांना सांगितलं, बाबांनी फुलाला सांगितलं, आणि फुलानं तुम्हाला," भावजय म्हणाली. "मला माफी इथेच हवी, सगळ्यांसमोर. ज्या जागी बसवलंत त्याच जागी. आणि आजच काकांच्या घरी चला. हे फूल आणि ही काडी घेऊन. त्यांच्या हातानं त्यांना फिरवू द्या. तोंडानं सांगून त्यांना पटणार नाही."

मालकीणबाईंनी माफी मागितली. आवाज नीट फुटला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. भाऊ गर्दीतून पुढे आला आणि काहीतरी बोलू लागला, तर भावजयीनं त्याला अडवलं. "तुम्ही मला घरात, दार लावून विचारलंत. तुमचं आपण घरात बघू. आणि आज नाही. आज मी ताईंकडे आहे."

माणसं पांगू लागली तसं मालकीणबाईंनी मास्तरीणबाईंना गाठलं. "सगळं खरं. पण मग अंगठी कुठे आहे? हॉटेलवाल्यांना मी काय सांगू?"

"मला माहीत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुम्हालाही नाही?"

"नाही. कदाचित यंत्राच्या नळीत असेल. कदाचित कुणी खरंच घेतली असेल. कदाचित तो पाहुणा ती कोटात विसरलाच नसेल. नळ्या उघडून बघा, पाहुण्याला नीट विचारा, आणि तरी नाही कळलं तर हॉटेलवाल्यांना सांगा, माहीत नाही. हे दोन शब्द बोलायला आपल्याला इतकं जड जातं की त्यांच्या जागी आपण एखादा बाबा आणून बसवतो. न कळण्याची लाज वाटू देऊ नका. न कळताच एखाद्याकडे बोट दाखवण्याची वाटू द्या. आणि उद्या कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करायच्या आधी एवढंच म्हणा, थांबा, मलाही करून बघू द्या. खरं असेल ते तुम्हाला हात लावू देईल."

यंत्राच्या नळ्या त्या दुपारी उघडल्या. त्यांत बटणं निघाली, केसांच्या पिना निघाल्या, अंगठी निघाली नाही. मालकीणबाईंनी हॉटेलला तसं सांगितलं, माहीत नाही म्हणून. हॉटेलनं महिनाभर तोंड वाकडं केलं आणि चादरी पाठवणं चालू ठेवलं.

लाँड्रीच्या दारात आता चिनी गुलाबाच्या कुंड्यांची ओळ आहे. काका परत कामावर आले तेव्हा त्यांनीच ती लावली. एकाच रोपाच्या फांद्या मोडून मातीत खुपसल्या आणि त्या सगळ्या जगल्या. कुंड्यांशेजारी झाडूच्या काड्यांनी भरलेला पेला असतो, आणि वर भावजयीनं स्वतः लिहिलेली पाटी आहे. तिच्यातली एक वेलांटी चुकलेली आहे. मास्तरीणबाई दर वेळी ती वाचतात आणि काही न बोलता पुढे जातात. पाटीवर लिहिलंय:

"हे फूल कुणाकडेही वळतं. काडी घ्या आणि स्वतः बघा."